मंगळाची माती, व्हायकिंगचे प्रयोग आणि आपली काळी जमीन

शिरपूर तालुक्यातल्या एका विज्ञान शिक्षकांनी तीन प्रश्न विचारले आहेत. नासाच्या व्हायकिंग यानांना १९७६ मध्येच मंगळाच्या मातीत जीव सापडला होता आणि ते दाबून टाकलं गेलं, असं मुलं व्हिडिओ पाहून सांगतात, त्यात तथ्य किती? यानावर सरळ एक सूक्ष्मदर्शक ठेवून जंतू का बघत नाहीत? आणि मातीत जीव आहे हे दाखवणारा एखादा प्रयोग शाळेत करता येईल का?

सर, माझं सगळं काम जळगाव जिल्ह्यात, माती परीक्षणात आणि मातीतल्या सूक्ष्मजीवांवर झालं. मंगळाचं यान मी बनवलेलं नाही. पण व्हायकिंगने जो प्रश्न मातीला विचारला, तोच प्रश्न आमच्यासारखी माणसं रोज मातीला विचारतात, आणि माती कुठे चकवते हे आम्हाला हाताने माहीत आहे. म्हणून उत्तर तिथूनच सुरू करतो.

मातीतला जीव कोणतंही यंत्र थेट पाहत नाही. यंत्राला दिसतो निघालेला वायू, बदललेला रंग, वाढलेली किरणोत्सारी नोंद. तो बदल जिवाने केला की मातीनेच केला, हे ठरवायचं काम उरतंच, आणि अवघड भाग तोच आहे. आपल्या काळ्या जमिनीचं ढेकूळ घ्या, त्यावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल टाका. चुनखडी असेल तर फसफसून कार्बन डायऑक्साइड निघतो. त्यात जिवाचा काही संबंध नाही. आता दुसऱ्या ढेकळावर हायड्रोजन पेरॉक्साइड टाका. पुन्हा बुडबुडे, या वेळी ऑक्सिजनचे. सजीव पेशींमधलं कॅटॅलेज हे विकर पेरॉक्साइड फोडतं हे खरं, पण मातीतले मँगनीजचे ऑक्साइडही ते फोडतात. जंतू मारून टाकलेल्या मातीतही बुडबुडे येतात ते यामुळे. तिसरं उदाहरण जून महिन्यातलं. उन्हाळाभर भेगाळलेल्या जमिनीवर पहिला पाऊस पडला की तिच्यातून कार्बन डायऑक्साइडचा लोंढा निघतो. त्यातला मोठा वाटा जागे झालेल्या आणि फुटलेल्या जिवाणूंचा असतो, पण थोडा वाटा निव्वळ रासायनिकही असतो. तो वेगळा काढायचा तर बाजूला मारलेल्या मातीचा नमुना ठेवावा लागतो. प्रयोगशाळेत आम्ही त्याला कंट्रोल म्हणतो. कंट्रोल नसलेला मातीच्या जिवाचा प्रयोग मी कधी मान्य केला नाही, विद्यार्थ्याचा असो की मोठ्या संस्थेचा.

आता व्हायकिंगकडे येऊ. व्हायकिंग १ मंगळावर उतरलं २० जुलै १९७६ला, क्रायसी प्लॅनिशिया या मैदानावर. व्हायकिंग २ उतरलं ३ सप्टेंबरला, युटोपिया प्लॅनिशियावर. निघण्याआधी दोन्ही लँडर सुमारे ११२ अंश सेल्सिअसला तीसेक तास कोरड्या उष्णतेत भाजून निर्जंतुक केले होते, म्हणजे पृथ्वीचेच जंतू तिथे जाऊन 'सापडायला' नकोत. जीवशास्त्राची सगळी पेटी जेमतेम १५ किलोची, आणि तिच्यात तीन स्वतंत्र प्रयोग.

त्यातला सगळ्यात गाजलेला प्रयोग गिल्बर्ट लेव्हिन आणि पॅट्रिशिया स्ट्रॅट यांचा. लेव्हिन मूळचे सार्वजनिक स्वच्छतेचे अभियंता. पिण्याच्या पाण्यात दूषित जिवाणू आहेत का, हे लवकर कळावं म्हणून त्यांनी ही पद्धत काढली होती. हे मला फार मोलाचं वाटतं. नगरपालिकेच्या पाण्यासाठी शोधलेली रीत मंगळावर गेली, कारण ती साधी आणि अतिशय संवेदनशील होती. अर्धा घन सेंटिमीटर माती घ्यायची. तिच्यावर फॉर्मेट, ग्लायसिन, ॲलनिन, लॅक्टेट अशा साध्या खाद्याचं पातळ द्रावण, फक्त ०.११५ मिलिलिटर, टाकायचं. त्या खाद्यातला कार्बन किरणोत्सारी, म्हणजे कार्बन-१४. मातीत कोणी ते खाल्लं तर किरणोत्सारी वायू बाहेर पडेल आणि वरचा मोजक त्याची नोंद घेईल.

नोंद झाली, आणि द्रावण पडताच झाली. वायू भराभर वाढला आणि मग आलेख सपाट झाला. कंट्रोल म्हणून तीच माती १६० अंशांना तीन तास तापवली, तर काही निघालं नाही. उड्डाणाआधी ठरलेला निकष असा होता की ताजी माती वायू देईल आणि तापवलेली देणार नाही, तर जीव आहे असं समजायचं. त्या निकषावर निकाल होकारार्थी होता. व्हिडिओतली मुलं जे सांगतात त्याचा उगम इथे आहे आणि तेवढा भाग खरा आहे. पुढे माती सुमारे ५० अंशांना तापवून पाहिली, तेव्हाही प्रतिसाद जवळजवळ बंद पडला. युटोपियावर तर एक दगड यंत्राच्या हाताने सरकवून त्याच्याखालची, ऊन न लागलेली माती घेतली, तिनेही वायू दिला. मातीची ही करणी निव्वळ अतिनील किरणांमुळे होते, असं म्हणणाऱ्यांना हे एक उत्तर होतं.

मग शंका का आली? एक कारण दुसऱ्या मात्रेचं. जिवंत मातीला दुसऱ्यांदा खाद्य दिलं की पुन्हा वायू निघतो, बहुतेक वेळा आधीपेक्षा जास्त, कारण मधल्या काळात जिवाणू वाढलेले असतात. मातीतले जीव किती वायू सोडतात हे मोजणाऱ्या आमच्या श्वसनाच्या चाचणीत गुळाचं पाणी दुसऱ्यांदा दिलं की आलेख पुन्हा चढतो. मंगळावर दुसरी मात्रा दिली तेव्हा वायू वाढला नाहीच, उलट आधी निघालेल्यापैकी सुमारे २० ते ३० टक्के परत मातीत शोषला गेला. अल्कधर्मी माती ओली झाली की कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून धरते, तसं वागणं हे. पुढे २००८ मध्ये फीनिक्स यानाने मंगळाच्या उत्तर ध्रुवाजवळच्या मातीचा सामू मोजला, तो ७.७च्या आसपास निघाला आणि तिच्यात कॅल्शियम कार्बोनेटही सापडलं. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीचा सामू ८च्या आगेमागे असतो. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला ती माती एकदम ओळखीची वाटली.

दुसरं कारण त्याच पेटीतल्या, व्हान्स ओयामा यांच्या प्रयोगातून आलं. त्यांनी मातीला आधी पाणीही दिलं नव्हतं, नुसती ओलसर हवा दिली होती. त्यावर मातीने ऑक्सिजन सोडला. पृथ्वीवरची नेहमीची माती असं करत नाही. शिवाय १४५ अंशांना तापवलेल्या मातीनेही तो सोडला, आणि तोही अंधारात. जीव इतकं तापून तरत नाही. म्हणजे मातीत काहीतरी तिखट ऑक्सिडीकारक रसायन होतं, हे तिथेच उघड झालं. नॉर्मन हॉरोविट्झ यांचा तिसरा प्रयोग माती कार्बन बांधते का हे पाहत होता. त्यात थोडा होकार आला, पण ९० अंशांना तापवूनही त्यात फरक पडला नाही, म्हणून तो जिवाच्या बाजूने मोजता आला नाही.

सगळ्यात मोठा धक्का दिला क्लाउस बीमान यांच्या गॅस क्रोमॅटोग्राफ आणि मास स्पेक्ट्रोमीटरने, म्हणजे वायूतले रेणू वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्राने. त्याने माती ५०० अंशांपर्यंत तापवून सेंद्रिय पदार्थ शोधला, आणि तो सापडला नाही. जीव आहे पण सेंद्रिय कार्बन नाही, हे कसं शक्य आहे? इथे बहुतेकांनी फाइल बंद केली. त्या यंत्रात क्लोरोमिथेन आणि डायक्लोरोमिथेन यांच्या बारीक खुणा मात्र दिसल्या होत्या. पृथ्वीवर यंत्र धुताना वापरलेल्या द्रावकाचा तो अंश असावा, असं म्हणून त्या बाजूला ठेवल्या गेल्या.

२००८ मध्ये फीनिक्सवरच्या ओल्या रसायनशास्त्राच्या छोट्या प्रयोगशाळेने पाणी घालून मातीतले क्षार मोजले आणि तिच्यात परक्लोरेट, म्हणजे क्लोरीन आणि ऑक्सिजन असलेला क्षार, सापडलं, वजनाने सुमारे अर्धा टक्का. थंडीत परक्लोरेट निपचित असतं. पण तापवलं की ऑक्सिजन सोडतं आणि शेजारचा सेंद्रिय पदार्थ जाळून टाकतं. म्हणजे सेंद्रिय पदार्थ शोधायला लावलेली भट्टीच तो पदार्थ नष्ट करत होती! २०१० मध्ये राफाएल नवारो-गोन्झालेझ आणि सहकाऱ्यांनी चिलीतल्या अटाकामा वाळवंटाच्या मातीत परक्लोरेट मिसळून ती तापवली, तर तीच दोन रसायनं, क्लोरोमिथेन आणि डायक्लोरोमिथेन, बाहेर आली.

माती परीक्षणातल्या माणसाला हे वाचून नवल वाटत नाही. सेंद्रिय कर्ब, म्हणजे कार्बन, मोजायची आमची रोजची वॉकली-ब्लॅक पद्धत डायक्रोमेट या ऑक्सिडीकारक रसायनावर चालते. क्षारपड जमिनीतलं क्लोराइड त्या डायक्रोमेटशी लढतं आणि कर्ब आहे त्यापेक्षा जास्त दाखवतं. म्हणून तिथे सिल्व्हर सल्फेट घालावं लागतं. मंगळावर चूक उलट दिशेने झाली, कर्ब कमी दिसला. पण मातीतला क्षार यंत्राचा आकडा फिरवतो, ही गोष्ट तीच.

लेव्हिन यांच्या वायूचं काय, हा प्रश्न तरीही उरतो, कारण थंड परक्लोरेट फॉर्मेट खात नाही. २०१३ मध्ये रिचर्ड क्विन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की परक्लोरेटवर वर्षानुवर्षं अंतराळातले किरण पडले तर त्यातून हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचिंगसारखं तिखट रसायन, बनतं आणि ऑक्सिजन अडकून राहतो. ओल मिळताच तो ऑक्सिजन सुटतो, आणि हायपोक्लोराइट खाद्यावर तुटून पडतं. लेव्हिन आणि ओयामा, दोघांच्याही निकालांशी हे जुळतं. त्याच्याही आधी, १९७९मध्ये, अमोस बानिन या इस्रायली मृदाशास्त्रज्ञांनी लोहाने भरलेल्या माँटमोरिलोनाइट चिकणमातीवर लेव्हिन यांचं खाद्य टाकून पाहिलं होतं, आणि त्या निर्जीव मातीनेही फॉर्मेट फोडून वायू दिला होता. माँटमोरिलोनाइट म्हणजे आपल्या काळ्या जमिनीला फुगवणारी, आकसवणारी आणि उन्हाळ्यात भेगा पाडणारी चिकणमाती. तापीच्या खोऱ्यातला शेतकरी ती रोज तुडवतो. दख्खनचा बेसाल्ट खडक झिजून ती बनली, आणि मंगळाचा पृष्ठभागही मुख्यतः बेसाल्टचाच आहे.

तर मुलांना काय सांगाल? दाबलं काहीच गेलं नाही. १९७६ आणि १९७७ मध्येच सगळे निकाल शास्त्रीय नियतकालिकांत छापून आले. लेव्हिन स्वतः २०२१ मध्ये निधन होईपर्यंत जीव सापडला असंच मांडत राहिले, आणि त्यांचं म्हणणं कोणी छापायचं थांबवलं नाही. त्यांचे आकडे खरे होते, यंत्र उत्तम चाललं. मला मात्र जीव सिद्ध झाला असं वाटत नाही, कारण त्यांच्या कंट्रोलमध्ये एक उणीव होती. १६० अंशांची उष्णता जिवाणू मारते तशीच हायपोक्लोराइट आणि पेरॉक्साइडही मारते. ५० अंशांचा कंट्रोल त्याहून चांगला, पण नाजूक रसायनंही तेवढ्यात ढेपाळतात. पृथ्वीवर आम्हाला दुसरे मार्ग असतात. क्लोरोफॉर्मच्या वाफेने जिवाणू मारा, गॅमा किरणांनी मारा, सोडियम अझाइडने श्वसन थांबवा, आणि प्रत्येक वेळी निकाल जुळतो का पाहा. मंगळावर एकच मार्ग होता, आणि तो जीव व रसायन दोघांनाही एकाच वेळी गप्प करणारा होता.

याहून मोठी उणीव मला क्रमात दिसते. मातीचं रसायन ठाऊक होण्याआधी तिला जिवाचा प्रश्न विचारला गेला. व्हायकिंगवर क्ष-किरणांनी मूलद्रव्य मोजणारं यंत्र होतं. त्याने मातीत क्लोरीन आहे हे १९७६ मध्येच सांगितलं होतं, पण ते कोणत्या रूपात आहे हे ते यंत्र सांगू शकत नव्हतं. हा फरक आमच्याकडचा कोणताही केळी बागायतदार समजेल. रावेर-यावलच्या जमिनीत लोह भरपूर असतं, बेसाल्टच लोहाचा आहे, पण चुनखडीमुळे ते पिकाला मिळत नाही आणि पानं पिवळी पडतात. म्हणून आम्ही एकूण लोह मोजून थांबत नाही, उपलब्ध लोह वेगळं मोजतो. क्लोरीन क्लोराइड असेल तर साधं मीठ आहे, परक्लोरेट असेल तर सगळा प्रयोग फिरतो. हे कळायला जग ३२ वर्षं थांबलं. त्या काळातल्या शास्त्रज्ञांना मी दोष देत नाही, पण पुढच्या यानांसाठी हा धडा फार महत्त्वाचा आहे आणि तो पाळला जातो आहे याचं मला मनापासून समाधान आहे.

आता सूक्ष्मदर्शकाचा प्रश्न. फीनिक्सवर होता. त्याच्या एका चित्रबिंदूत ४ मायक्रोमीटर मावायचे, आणि बहुतेक जिवाणू एक-दोन मायक्रोमीटरचे असतात. पण जास्त ताकदीचा सूक्ष्मदर्शक नेला तरी अडचण सुटत नाही. आमच्याकडे मातीचा थेंब काचपट्टीवर घेतला की चिकणमातीचे कण आणि जिवाणू वेगळे ओळखू येत नाहीत, रंग द्यावा लागतो, आणि रंगही सेंद्रिय चिखलाला चिकटतो. अंटार्क्टिकात सापडलेल्या मंगळाच्या एएलएच ८४००१ या अशनीत १९९६ मध्ये अळीसारखे बारीक आकार दिसले आणि जगभर बातमी झाली. पुढे असे आकार जिवाविनाही बनतात हे दिसलं आणि तो दावा बहुतेकांनी सोडला. आकारावरून जीव ठरवणं मातीत फार धोक्याचं.

इथे वुल्फ विश्नियाक यांचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. द्रावणात जिवाणू वाढले की ते गढूळ होतं, हे प्रकाशाने मोजणारं यंत्र त्यांनी मंगळासाठी बनवलं होतं. ते व्हायकिंगवर जाणार होतं, पण खर्चाच्या कारणाने १९७२ मध्ये वगळलं गेलं. विश्नियाक थांबले नाहीत. अंटार्क्टिकाच्या कोरड्या दऱ्यांतली माती निर्जीव आहे असं काही सहकारी म्हणत होते, ते तपासायला ते तिथे गेले, मातीत काचपट्ट्या पुरून ठेवल्या, आणि डिसेंबर १९७३ मध्ये त्या आणायला गेले असताना कड्यावरून पडून त्यांचा मृत्यू झाला. त्यांनी गोळा केलेल्या नमुन्यांतून त्यांच्या पत्नी हेलन विश्नियाक यांनी पुढे एक नवं यीस्ट वेगळं केलं. निर्जीव म्हटलेल्या मातीतही जीव होता, फक्त तो नेहमीच्या खाद्यावर उगवत नव्हता. आपल्या शेतातल्या मातीचंही तसंच आहे. एका ग्रॅममध्ये कोट्यवधी जिवाणू असतात, पण पेट्री डिशमध्ये त्यातला साधारण शंभरातला एकच उगवतो. खाद्य देऊन वाट पाहणाऱ्या प्रत्येक यंत्राची ही मर्यादा आहे.

म्हणूनच आजची यंत्रं जिवाला जेवू घालत नाहीत, त्याने मागे ठेवलेला पदार्थ शोधतात. मंगळावर फिरणाऱ्या क्युरिऑसिटी रोव्हरवरचं सॅम हे यंत्र परक्लोरेट गृहीत धरून काम करतं आणि त्याने प्राचीन गाळाच्या खडकात सेंद्रिय पदार्थ शोधले. २०१५ मध्ये क्लोरोबेंझीन जाहीर झालं, २०२५ मध्ये दहा ते बारा कार्बनच्या साखळ्या. पर्सिव्हिअरन्स या दुसऱ्या रोव्हरने २०२४ मध्ये चेयावा फॉल्स नावाच्या खडकावर ठिपके पाहिले. त्यात लोहाचं फॉस्फेट आणि लोहाचं सल्फाइड आहे, पृथ्वीवर अशी जोडी अनेकदा जिवाणूंच्या कामातून बनते. शास्त्रज्ञांनी त्याला जिवाची संभाव्य खूण म्हटलं आहे, त्यापुढे ते गेले नाहीत, आणि हा संयम मला फार आवडतो. युरोपचा रोझालिंड फ्रँकलिन रोव्हर २०२८ मध्ये निघणार आहे. तो दोन मीटर खोल भोक पाडेल, कारण वरच्या थरातला सेंद्रिय पदार्थ किरणांनी जळून जातो. त्यावरचं मोमा हे यंत्र लेझरच्या अगदी क्षणभराच्या झटक्याने रेणू उडवतं, परक्लोरेटला पेटायला वेळच मिळत नाही. शिवाय ते रेणूंची डावी आणि उजवी रूपं वेगळी मोजू शकतं. पृथ्वीवरचा जीव प्रथिनांत अमिनो आम्लांची डावीच रूपं वापरतो, निर्जीव रसायनातून दोन्ही सारखी बनतात. कोणत्याही वायूच्या आलेखापेक्षा मी या पुराव्यावर जास्त विश्वास ठेवीन, कारण माती तो सहजासहजी नकलू शकत नाही.

शाळेतला प्रयोग असा करा. शेतातली वाफशावरची माती हातभर खणून नव्हे, वितीच्या आतलीच घ्या, जीव तिथेच जास्त असतो. घट्ट झाकणाच्या रुंद तोंडाच्या चार बरण्या घ्या. पहिलीत शंभर ग्रॅम ताजी माती. दुसरीत तेवढीच माती, पण पातळ पसरून, वर फॉइल सैल झाकून कुकरमध्ये तासभर शिजवलेली, आणि हे लागोपाठ तीन दिवस, कारण बीजाणू पहिल्या वाफेत मरत नाहीत. तिसरी बरणी मातीविना. या तिन्हींत उकळून गार केलेलं गुळाचं पाणी सारखंच, माती ओलसर होईल इतपत घाला. चिखल नको. चौथीत शिजवलेलीच माती, पण गुळाच्या पाण्याऐवजी लिंबाचा रस. चुनखडीची माती निवडा, म्हणजे लिंबाने ती फसफसेल. प्रत्येक बरणीत एका छोट्या वाटीत चुन्याची स्वच्छ निवळी ठेवा, कार्बन डायऑक्साइडने ती पांढरी होते, आणि झाकण लावा. निवळी डोळ्यांत जाणार नाही याची काळजी घ्या.

चौथीतली निवळी लवकर पांढरी होईल. पहिलीतली बऱ्याच तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी होईल. दुसरी आणि तिसरी जवळजवळ स्वच्छ राहतील, थोडी साय येईल ती बरणीतल्या हवेमुळे. दर दोन-तीन तासांनी मुलांकडून नोंद लिहून घ्या, कारण वायू फार झाला तर पांढरी झालेली निवळी पुन्हा स्वच्छ होते आणि शेवटी पाहणाऱ्याला काहीच घडलं नाही असं वाटतं. बरण्यांवर फक्त आकडे लिहा, कशात काय आहे ते सांगू नका. आधी कोणती जिवंत हे मुलांनी नोंदींवरून ठरवू द्या, मग कोणत्या बरणीतली माती शिजवलेली होती ते सांगा आणि त्यांना उत्तर बदलायची मुभा द्या.